हँडब्रेक व्हिडिओ कन्व्हर्टर: फुकटात भारी, पण रंगाचं तेवढं बघून घ्या

माझ्याकडे ४के ब्ल्यूरेच्या दहा-बारा डिस्क आहेत, सगळ्या स्वतःच्या पैशाने घेतलेल्या, आणि गेल्या पावसाळ्यात प्लेयर गचकला तेव्हा म्हटलं आता हे सगळं एकदाचं हार्डडिस्कवर घेऊन टाकू. रिप, म्हणजे डिस्कवरून फाइल काढणं, झालं नीट, पण एकेक फाइल ५५-६० जीबी. मग साइज कमी करायला एक पेड कन्व्हर्टर घेतला, नाव नाही घेत, वर्षाचे पैसे भरले, त्याने एका क्लिकमध्ये ६० चे ६ जीबी करून दिले आणि मी खुश होऊन बाबांच्या खोलीत लावून दिलं तर बाबा म्हणतात, "अरे, टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली की काय?" एलईडीला पिक्चर ट्यूब नसते हे सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही, कारण खरंच तसंच दिसत होतं. वाळवंटातला सूर्यास्त, डिस्कवर असला केशरी की डोळे दिपतात, तो इथे दूध जास्त पडलेल्या चहासारखा. काळा रंग म्हणजे ओल्या फडक्याने पुसलेली पाटी. आणि सूर्याभोवती कांद्याच्या चकतीसारखी गोल गोल वलयं. सपोर्टला मेल टाकला तर उत्तर काय, टीव्हीची सेटिंग तपासा. तीनदा तेच.

शेवटी हँडब्रेकवर आलो. अननस आणि शेजारी ग्लास असा आयकॉन आहे (का ते विचारू नका), २००३ पासून चालू आहे, ओपन सोर्स, एक पैसा घेत नाहीत. डिस्कचं लॉक हे तोडत नाही, रिप दुसरीकडून करून आणावं लागतं.

आता रंग का जातो ते समजून घ्या, नाहीतर हँडब्रेकमध्येही तोच घोळ होतो, माझा पहिल्या वेळी झालाच. या डिस्क बहुतेक एचडीआर असतात, म्हणजे जास्त उजेड आणि जास्त रंगांच्या, १० बिट, रंग बीटी.२०२० या मोठ्या मापाचे आणि उजेडाचा हिशोब पीक्यू नावाच्या पद्धतीने, जी १०,००० निट्सपर्यंत (निट म्हणजे उजेड मोजायचं एकक) जाते. साध्या टीव्हीला कळतं बीटी.७०९ हे लहान माप, त्याचं गणित १०० निट्सच्या आसपासचं. कन्व्हर्टरने सगळं तसंच ८ बिटमध्ये कोंबलं आणि वर 'ही फाइल एचडीआर आहे' हे लेबलच फाडून टाकलं की टीव्ही बिचारा ते आकडे साधे समजून वाचतो आणि चित्र फिकं पडतं. वलयांचं म्हणाल तर १० बिटमध्ये एका रंगाच्या १०२४ पायऱ्या, ८ बिटमध्ये २५६, मग आकाशासारख्या ठिकाणी पायऱ्या उघड्या पडतात. मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात दोन्ही फाइली उघडून बघितल्या तर मूळमध्ये १० बिट, बीटी.२०२०, पीक्यू सगळं लिहिलेलं आणि पेडवाल्याच्या फाइलमध्ये ८ बिट, पुढे काहीच नाही. सापडला चोर.

तर हँडब्रेकमध्ये, टीव्ही एचडीआर असेल तर व्हिडिओ टॅबमध्ये एन्कोडर (फाइल दाबून लहान करणारा भाग) एच.२६५ १० बिट घ्या, विषय संपला, २०२१ च्या १.४ व्हर्जनपासून एचडीआर१० ची माहिती, म्हणजे तेच लेबल, सोबत जाते. टीव्ही साधा असेल, बाबांच्या खोलीतल्यासारखा, तर फिल्टर्समध्ये कलरस्पेस बीटी.७०९ करा, म्हणजे तो जास्तीचा उजेड साध्या टीव्हीच्या मापात बसवतो, यालाच टोन मॅपिंग म्हणतात. डिस्कची मजा येत नाहीच, पण केशरी निदान केशरी दिसतो. टीव्हीला चालत असेल तर इथेही १० बिटच ठेवा, वलयं कमी होतात.

सुरुवातीला जो फास्ट १०८०पी३० प्रीसेट (तयार सेटिंग) लागलेला असतो तो ८ बिटचा आहे, मी काही न बघता स्टार्ट दाबलं आणि रात्र वाया घालवली. हो, रात्रच, कारण माझ्या जुन्या लॅपटॉपवर एच.२६५ सेकंदाला ५-६ फ्रेमने चालतं, दोन तासांच्या पिक्चरला आठ-नऊ तास, पंखा असा ओरडतो की बायको उठून विचारते मिक्सर कोणी लावलाय. म्हणून आधी रेंजमध्ये सेकंद टाकून एकच मिनिट काढून बघा, एखादा अंधाराचा सीन नाहीतर सूर्यास्त, आणि जिथे बघणार त्याच टीव्हीवर लावा, लॅपटॉपच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. क्वालिटी मी आरएफ २० ठेवली (हा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी), ६० जीबीचे १७ झाले, ६ नाही झाले, पण ते ६ कसे होते ते वर सांगितलंच.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या सेटिंगच्या जंगलाचा कापला. पेडवाल्याकडे रिफंड मागितलाय, उत्तर आलं, टीव्हीची सेटिंग तपासा.