१४४१६ टेली-मानस: आपल्या मेटलवाल्या दादाची दारू सुटावी म्हणून धडपडणाऱ्या चाहत्यांसाठी

सेवा: टेली-मानस, केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन. नंबर १४४१६, तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मराठीतून. पाचपैकी चार गुण. एक कुठे कापला ते पुढे येईलच.

संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेडकडे मेटल, म्हणजे कडक इलेक्ट्रिक गिटारचं रॉक संगीत, ऐकणारी पोरं मोजकीच. त्यातला एखादा गिटारिस्ट किंवा गायक असा असतो की त्याला शे-दीडशे जण नावानिशी ओळखतात, त्याच्या रिफ (गिटारच्या छोट्या धून) पाठ असतात, पुण्याच्या गिगला (कार्यक्रमाला) त्याच्या मागे ट्रॅव्हल्सने जातात. त्याची दारू हाताबाहेर गेली की घरच्यांच्या आधी कधीकधी या चाहत्यांनाच उमगतं. पाम म्यूटिंग (तळहाताने तारा दाबून वाजवणं) ढिलं पडतं, सोलो मधेच तुटतो, साउंडचेकला माणूसच सापडत नाही. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री एकला सुरू होतं, ‘आपण काहीतरी केलं पाहिजे.’ बहुतेक ठिकाणी त्यातून तीन गोष्टी निघतात: एक भावुक पोस्ट, एक वर्गणी आणि ‘चार जण मिळून गाडीत घालून केंद्रात सोडू’ हा बेत. पोस्टने तो दादा चारचौघांत उघडा पडतो, रोख वर्गणीची दारू होते आणि तिसरा बेत कायद्यात बसत नाही. हे तिन्ही करण्याआधी १४४१६ लावा.

हा फोन लावायचा तो स्वतःसाठी, हे आधी नीट समजून घ्या. पलीकडचा समुपदेशक त्याची दारू फोनवरून सोडवणार नाही. त्याच्याशी काय बोलायचं, काय टाळायचं, कुठल्या दवाखान्यात न्यायचं आणि कुठली लक्षणं दिसली तर रात्र उलटायची वाट बघायची नाही, हे तो तुम्हाला सांगतो. एवढ्या कामासाठी ही सेवा फार चांगली आहे.

फोन लागला की आधी भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. त्याच्या आवाक्याबाहेरचं असेल तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे पाठवतो. बोलणं गोपनीय राहतं. पुढे तुमचा दादा स्वतः बोलला, तर तो काय म्हणाला हे तुम्हाला कळणार नाही. त्यावर रागावू नका. ती गोपनीयता आहे म्हणूनच तो बोलेल.

फोनवर ‘तो लई पितो’ एवढंच सांगितलं की उत्तरही तेवढंच ढोबळ मिळतं. कागद घ्या आणि आधी लिहून काढा. शेवटचा घोट कधी घेतला, तासांत. रोज किती आणि काय. किती वर्षं. पूर्वी कधी सोडायचा प्रयत्न केला होता का, तेव्हा फिट आली होती का, भास झाले होते का. कावीळ, साखर, बीपी, चालू गोळ्या. झोपेच्या गोळ्या किंवा गांजा सोबत आहे का. ‘जगून काय उपयोग’ असं काही बोलला का. घरी कोण असतं आणि तो कोणाचं ऐकतो.

‘किती’ हे मिलीमध्ये सांगा. विदेशी मद्याच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात ६० ग्रॅमच्या आसपास. डॉक्टरांच्या मोजमापात १० ग्रॅमचं एक ड्रिंक धरतात, तेव्हा एक क्वार्टर म्हणजे सहा ड्रिंक. ‘रोज फक्त एक क्वार्टर’ हे वाक्य गिगच्या मागच्या खोलीत फार सहज बोललं जातं. डॉक्टरला ते सहा ड्रिंक ऐकू येतं.

आता सगळ्यात जास्त जिथे चुकतं ते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली की शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. ४८ तासांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी चौथ्यालाही, भ्रम होऊन माणूस नसलेल्या गोष्टी पाहू लागतो, ताप चढतो, वेळकाळ कळेनासा होतो. ही अवस्था जिवावर बेतते. म्हणून चाहत्यांनी ‘दादा, आजपासून बंद, आम्ही तुझ्यासोबत खोलीत बसतो’ असा प्रयोग करायचा नाही, मग हेतू कितीही चांगला असो. आधी फिट येऊन गेली असेल तर घरी सोडवायचा विचारच नको. फिट किंवा भ्रम दिसला की १४४१६ बाजूला ठेवून १०८ ला फोन करायचा.

इथेच आपल्याकडची एक सवय आडवी येते: ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून घेऊ.’ वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, संपत आलेलं असतं. त्यात थेट ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलंसुरलं थायामिनही खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चाल अडखळते, डोळ्यांची हालचाल बिघडते, आठवण जाते. आधी थायामिन, मग ग्लुकोज. सोबत जाणाऱ्या चाहत्याने दवाखान्यात पाऊल टाकताच एकच वाक्य बोलावं: ‘हे रोज दारू पितात, शेवटची अमुक वाजता घेतली.’ लाजेपोटी हे लपवलं की पुढचं सगळं चुकत जातं.

दुसरी सवय त्याहून वाईट. एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती दिसतात. नकळत दिलेल्या पावडरीत डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठीचं औषध) असेल आणि वरून तो प्यायला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो. हेच औषध डॉक्टर देतात तेव्हा रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, शेवटच्या घोटानंतर किमान बारा तासांनी सुरू करतात. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूची रिॲक्शन येऊ शकते. दादा ही गोळी घेत असेल तर अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध आणि माउथवॉश त्याच्यापासून लांब ठेवा.

एक गुण कापला तो इथे. फोनवर हात थरथरताना दिसत नाही, तोंडाचा वास येत नाही. समुपदेशकाला तुमच्या सांगण्यावरच चालावं लागतं. शिवाय हा नंबर गाडी पाठवत नाही, कोणाला उचलून नेत नाही. मराठवाड्यातल्या पोरांची अपेक्षा नेमकी तीच असते. त्यामुळे पहिला फोन ठेवल्यावर ‘काही उपयोग नाही’ असं म्हणून पुष्कळ जण थांबतात. उपयोग दुसऱ्या दिवशी असतो, ओपीडीत. संभाजीनगरला घाटी रुग्णालय, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. मानसोपचार विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते ते फोनवरच विचारून घ्या आणि सकाळी लवकर पोहोचा. फक्त व्यसनाविषयी, जवळचं नशामुक्ती केंद्र कुठे आहे हे विचारायचं असेल तर सामाजिक न्याय मंत्रालयाचा १४४४६ हा वेगळा नंबर आहे. तो पत्त्यासाठी, हा बोलण्यासाठी, असं धरून चाला.

केंद्र निवडताना आणखी दोन गोष्टी. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जमुळे येणारी अवस्थाही मोडते. साखळीने बांधणं या कायद्याने बंद आहे. गेटवर कुलूप, ‘महिनाभर भेट नाही’, मारहाणीच्या कुजबुजी आणि नोंदणीचा कागद मागितल्यावर टाळाटाळ, एवढं दिसलं तर परत फिरा. दुसरी गोष्ट चाहत्यांना सहसा माहीत नसते. प्रौढ माणूस साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. बँडमधला ड्रमर असेल तरी चालतो. पुढे त्याची निर्णयक्षमता खालावली तर दाखल करण्याचा अर्ज हा प्रतिनिधी करू शकतो, तोही दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर. बाकी चाहत्यांना कितीही प्रेम असलं तरी तो अधिकार नाही. दादा शुद्धीत आणि शांत असेल त्या दिवशी हा कागद करून घेतलेला बरा.

गांजा किंवा नशेची पावडर असेल तर पोलिसांच्या धाकाने कोणी दवाखान्यात जात नाही. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं.

माळेबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे माळ घातली की दारू-मटण सुटतं, हे घराघरांत पाहिलेलं आहे. दादाची आई किंवा आजी ‘पंढरीला नेऊन माळ घालू’ म्हणेल. तिला हसू नका, काळा टी-शर्ट आणि तुळशीची माळ एका गळ्यात बसते. माळेमागे रोज भेटणारी माणसं आहेत, हरिपाठाची ठरलेली वेळ आहे, आणि तीच गोष्ट नशेबाहेर यायला लागते. फक्त क्रम चुकवू नका: आधी डॉक्टर, अंगातली दारू सुखरूप उतरू द्या, मग वारी. माळेच्या भरात एका दिवसात सोडून वाटेत फिट आली तर दोष माळेवर येतो.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट, त्याच्या खुल्या बैठकांना चाहतेही बसू शकतात. नातेवाईक आणि मित्रांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. दोन्हीकडे फी नाही.

आता वाजवण्याकडे. दारू थांबल्यावर पहिले काही दिवस, कधी आठवडे, हाताला कंप राहतो. बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर नसांना इजा झालेली असू शकते, ती भरून यायला महिने लागतात. अशा वेळी २०० बीपीएमच्या (मिनिटाला २०० ठोके) ट्रेमोलो पिकिंगचा, म्हणजे तार भराभर छेडण्याचा, व्हिडिओ मागणारा चाहता त्याला परत बाटलीकडे ढकलतो. ८० वर मेट्रोनोम (ताल देणारं यंत्र), एकच रिफ, वीस मिनिटं, बास. मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफिल्ड २००१ मध्ये उपचाराला गेला आणि २००२ मध्ये परतला तेव्हा स्टुडिओत त्याची वेळ ठरलेली होती, दुपारी १२ ते ४. बँडमधले बाकीचे त्यावर वैतागले, ती वादावादी २००४ च्या माहितीपटात सगळ्या जगाने पाहिली. पण वेळ पाळली गेली आणि अल्बम झाला. आपल्या जॅम रूमला (सरावाच्या खोलीला) हाच नियम लावा. दिवसाउजेडी, चार तास, आणि नंतर दादाला घरापर्यंत सोडायला एक जण. रात्री दहानंतरचा जॅम, मग ‘चल, ढाब्यावर जेवू’, इथे घसरण होते.

मदत वस्तूंत करा. तारांचा सेट, जॅम रूमचं भाडं थेट मालकाला, औषधं थेट मेडिकलवर. तो ड्रॉप सी मध्ये, म्हणजे तारा खालच्या सुरात उतरवून, वाजवत असेल तर १०-४६ चा (हे तारांच्या जाडीचे आकडे) सेट ढिला पडतो, ११-५४ च्या आसपासचा घ्या. गिटार गहाण पडली असेल तर सोडवून आणा आणि त्याला विचारून एकाच्या घरी ठेवा, बाजारात त्याच दिवशी परत विकली जाणार नाही एवढ्यापुरती. टी-शर्ट आगाऊ विकून आलेले पैसे त्याच्या संमतीने घरच्यांच्या खात्यात.

गिग करायचीच तर बार नसलेल्या हॉलमध्ये, संध्याकाळी पाचला सुरू, नऊला बंद. मोकळ्या जागेत लाउडस्पीकर दहानंतर तसाही चालत नाही. मानधनाच्या बोलीत ‘दारू आमच्याकडून’ ही ओळ नको. चहा आणि ताक ठेवा, उन्हाळ्यात पाण्याचे जार मोजून जास्त मागवा. अमेरिकेत ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या चाहत्यांनी १९८० च्या दशकात एक पद्धत पाडली: गिगच्या मध्यंतरात दारू-नशा सोडलेल्यांसाठी एक टेबल, त्यावर पिवळे फुगे, तिथे येऊन कोणीही उभं राहावं. मेटलच्या गर्दीत पिवळा रंग लांबून दिसतो, तेव्हा हे इथेही जसंच्या तसं करता येईल. त्याच टेबलावर १४४१६ मोठ्या अक्षरांत लावा. गर्दीत असा आणखी कोणीतरी असतोच.

त्याच्या दिवसांची मोजणी त्याला न विचारता पोस्ट करू नका. केंद्रातला फोटो तर अजिबात नाही.

आणि तो परत प्यायला तर? हेटफिल्ड तब्बल अठरा वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, पुन्हा उपचाराला गेला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा दौरा पुढे ढकलला, तिकिटांचे पैसे परत केले. चाहत्यांनी पैसे घेतले आणि त्याला बरा होऊन ये म्हणून कळवलं. आपल्या दादाच्या बाबतीत तो दिवस आला की ग्रुपवर कोणी काही लिहायच्या आत एकाने त्याच्याकडे जावं, ‘दादा, जेवला का?’ विचारावं, शेवटची किती वाजता घेतली ते नोंदवावं आणि त्याच्याच हातात फोन देऊन १४४१६ लावून द्यावा.