बर्लिनला जाता-येता मधला थांबा: सव्वा तासाचा की चार तासांचा?

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडून लेक-जावयाकडे किंवा मुलाकडे जर्मनीला जाणारे आईबाप आता गल्लोगल्ली भेटतात. तिकीट काढायला बसलं की सगळे एकाच ठिकाणी अडतात. मुंबई ते बर्लिन, मध्ये एकदा विमान बदलायचं. एक तिकीट फ्रँकफर्टमार्गे, मधला वेळ सव्वा तास. दुसरं दोहामार्गे, मधला वेळ चार तासांच्या आसपास. ही दोन नावं उदाहरणादाखल; व्हिएन्ना, इस्तंबूल कोणतंही घ्या, मुद्दा तोच राहतो. भाड्यातला फरक आज इकडे तर उद्या तिकडे असतो, म्हणून त्यात शिरत नाही. मी आणि सौ. दोन्ही तऱ्हांनी, निरनिराळ्या मार्गांनी गेलो-आलो आहोत, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी छोट्या थांब्याची बाजू, कारण ती कमकुवत नाही. सव्वा तासाचं तिकीट कुणी अंदाजपंचे विकत नाही. प्रत्येक विमानतळावर विमान बदलायला किमान किती वेळ लागतो ते ठरलेलं असतं आणि त्याहून कमी वेळाचं जोडतिकीट निघतच नाही. फ्रँकफर्टला हा वेळ पाऊण तासाचा धरतात, व्हिएन्नाला तर अर्ध्या तासाच्या आसपास. एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असतील आणि पहिलं उशिरा पोहोचलं, तर पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी कंपनीची. इथे फ्रँकफर्ट उजवं ठरतं. तिथून बर्लिनला दिवसभरात बरीच विमानं आहेत, एक हुकलं तर दोन-तीन तासांत दुसऱ्यात जागा मिळू शकते. आखाती शहरातून बर्लिनचं विमान हुकलं तर अर्धा दिवस तिथेच. शिवाय एकूण प्रवास आटोपशीर होतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चार तास लोखंडी खुर्चीत काढणं सोपं नाही, हे मला मान्य आहे.

पण सव्वा तास म्हणजे हातात सव्वा तास नव्हे. विमान सुटायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी गेट बंद होतं. मागच्या रांगेत बसला असाल तर उतरायलाच पंधरा मिनिटं जातात. व्हीलचेअर मागितली असेल तर सगळे उतरल्यावर शेवटी तुमचा नंबर. (तरी पहिल्यांदा जाणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी व्हीलचेअर जरूर मागा. पुढे रांग, वाट, भाषा सगळं सांभाळणारा माणूस सोबत मिळतो.) मग पुन्हा सुरक्षा तपासणी. हे सगळं वजा केलं की जेमतेम अर्धा-पाऊण तास उरतो.

त्यात पासपोर्टची रांग. युरोपातून जाणाऱ्या मार्गावर शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) शिरल्याचा शिक्का पहिल्या विमानतळावर, म्हणजे फ्रँकफर्टलाच, त्या सव्वा तासाच्या आत घ्यावा लागे. आता शिक्क्याच्या जागी नवी नोंदणी आली आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या देशातून थोड्या मुदतीसाठी येणाऱ्यांचा फोटो सीमेवर घेतात आणि बोटांचे ठसे तपासतात. लेकीकडे तिथला रहिवासी परवाना असेल तर ती यातून सुटते, पण तिच्याकडे चाललेले आईबाप सुटत नाहीत. दोहामार्गे गेलात तर हे सगळं बर्लिनला पोहोचल्यावर होतं. रांग तेवढीच असेल, पण मागे विमान सुटायची धास्ती नसते, आणि दाराबाहेर लेक उभी असते. येतानाही तेच. युरोपातून बाहेर पडायची नोंद छोट्या थांब्यातच उरकावी लागते.

एवढं असूनही मी छोट्या थांब्याला फारसं नाव ठेवलं नसतं. माणूस धावतपळत पोहोचतो. माझं मत फिरवलं ते बॅगेने.

माणूस पाऊण तासात दुसऱ्या विमानात चढला, तरी विमानाच्या पोटातली बॅग चढेलच असं नाही. ती उतरवायची, तपासायची, दुसऱ्या विमानापर्यंत न्यायची, आणि हे शेकडो बॅगांचं एकाच वेळी चाललेलं असतं. आमच्या परतीच्या एका प्रवासात तेच झालं. विमानतळ आणि कंपनी कोणती, ते सोडून देऊ. मुंबईला उतरून बेल्टजवळ उभे राहिलो, बेल्ट रिकामा होऊन थांबला, सौं.ची बॅग आलीच नाही. काउंटरवर फॉर्म भरला, फाइल नंबर मिळाला आणि दादरहून रात्रीची गाडी धरून घरी आलो.

जाताना बॅग राहिली असती तर एवढं बिघडलं नसतं. बर्लिनमध्ये पत्ता शहरातलाच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस दारात बॅग आणून देतो. इथे बॅग मुंबईत आणि आम्ही चारशे किलोमीटरवर जळगावात. बॅग मुंबईला आली असं फोनवर कळलं, पण ती आधी कस्टममधून सोडवायची होती. पासपोर्टची प्रत पाठवा, आत काय आहे ते लिहून द्या, सहीचं पत्र द्या. ते पाठवलं. मग समजलं की बॅगेला कुलूप आहे आणि उघडून दाखवावी लागेल. किल्ली माझ्या खिशात, जळगावात. ओळखीचा एक मुलगा विदर्भ एक्स्प्रेसने निघाला होता, त्याच्या हाती किल्ली दिली. त्याने कल्याणला उतरून ती भाच्याला दिली, भाचा रजा टाकून सहारला, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर गेला. अमळनेरहून माझ्या सासूबाईंचा रोज संध्याकाळी फोन, "बॅग उनी का?" दरवेळी नाही म्हणताना सौं.चा चेहरा पाहवत नव्हता. बॅगेत सोनंनाणं नव्हतं. नातवाने काढलेली चित्रं होती, व्याह्यांनी दिलेल्या वस्तू होत्या आणि तिची रोजची नऊवारी पातळं.

अशा वेळी नियम कुणाच्या बाजूने आहेत तेही पाहून ठेवा. बर्लिनहून एकाच तिकिटावर निघालात आणि कंपनीच्या चुकीने मुंबईला तीन तासांहून जास्त उशिरा पोहोचलात, तर युरोपच्या नियमानुसार माणशी ६०० युरोंपर्यंत भरपाई मागता येते. मधला थांबा युरोपाबाहेर असला तरीही. पण ती माणसाच्या उशिराची. आम्ही वेळेवर पोहोचलो, बॅग पोहोचली नाही, म्हणून हा नियम कामाचा नाही. बॅगेच्या उशिरासाठी माँट्रियल करार, म्हणजे देशादेशांतल्या विमानप्रवासाचा करार, लागतो. त्यात अडल्यामुळे केलेला वाजवी खर्च पावत्या दाखवून मागता येतो, आणि बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. विमानतळाबाहेर पडायच्या आधी भरलेला तो फॉर्म हाच सगळ्याचा आधार, म्हणून गाडीची घाई असली तरी तो न भरता निघू नका. भाच्याची रजा आणि रोजचे फोन मात्र कुठल्याच पावतीवर लावता येत नाहीत.

तेव्हापासून आम्ही येताना तीन ते चार तासांचा थांबा घेतो. बॅगेला एका विमानातून दुसऱ्यात जायला सवड मिळते. त्यानंतर आमची बॅग राहिलेली नाही. याला पुरावा म्हणणार नाही, पण मला तेवढं पुरतं. जाताना निवड थोडी मोकळी ठेवली तरी चालेल. तब्येत धड असेल, खिडकीजवळ न बसता पुढच्या बाजूची, मधल्या वाटेलगतची जागा मिळत असेल आणि औषधं, चष्मा, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत असतील, तर सव्वा तास निभतो. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मात्र मी जातानाही मोठाच थांबा सुचवेन, त्या ठशांच्या रांगेमुळे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनीही, कारण धुक्यात पहिलं विमानच तासतास सरकतं. आणि एखादा तरुण पाठीवरच्या एका बॅगेनिशी चालला असेल, तर त्याने खुशाल छोटा थांबा घ्यावा, त्याचा वेळ तरी वाचेल.

चार तासांच्या थांब्यात आम्ही जेवण नेतो. कोरड्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तपासणीत अडत नाही; लोणचं पातळ असेल तर अडतं. पाण्याची बाटली रिकामी न्यायची, आत गेल्यावर भरायची.

जळगावच्या विमानाचं तिकीट वेगळं काढून मुंबईत उतरल्या उतरल्या ते पकडायचा बेत काहीजण करतात. तो सगळ्यात अवघड जोड आहे. परदेशातून आलेली बॅग बहुधा मुंबईतच घेऊन कस्टममधून काढावी लागते, आणि तिकीट वेगळं असल्याने पुढचं विमान हुकलं तर कुणावरच जबाबदारी नाही. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. उतरायचं सहारला आणि पुढचं विमान पनवेलकडून, असं तर होत नाही ना, हे तिकिटावर नाव वाचून पाहा. मध्ये निदान पाच-सहा तास नसतील तर रात्रीची गाडी बरी. बर्थ आधीच काढून ठेवा, मे महिन्यात तर नक्कीच.