स्पीच थेरपीचा काही महिन्यांचा अनुभव: दार बंद असेल तर पॅकेज घेऊ नका

परवा पहिल्या थेरपी केंद्राशी फोनवर पुन्हा वाद झाला, म्हणून हे लिहायला बसलोय. आगाऊ पैसे भरून पॅकेज घेतलं होतं, मध्येच सोडलं आणि उरलेल्या सत्रांचे पैसे परत द्यायला ते तयार नाहीत. कारण काय, तर ‘पालकांनी स्वतःहून थांबवलं.’ हो, थांबवलं. का थांबवलं ते सविस्तर सांगतो. ज्यांचं मूल दोन वर्षांच्या आसपास आहे आणि अजून बोलत नाही, त्यांचे पैसे तर वाचतीलच, पण त्याहून मोलाचे महिने वाचतील.

थेरपी कधी लागते वगैरे तुम्ही वाचलंच असेल. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत साधारण ५० शब्द आणि ‘बाबा ये’, ‘गाडी गेली’ अशी दोन शब्दांची जोडणी, हा ढोबळ मापदंड. आमच्या मुलाकडे मोजके शब्द होते, जोडणी अजिबात नव्हती. समज चांगली होती, ‘चप्पल आण’ म्हटलं की आणायचा, हवं ते बोट दाखवून मागायचा. नातेवाईक म्हणत होते, मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा काकाही तीन वर्षांनी बोलला. उशिरा बोलणारी बरीच मुलं आपोआप बरोबरीला येतात हे खरंच आहे. पण आपलं मूल त्यातलं आहे की नाही, हे दुसऱ्या वर्षी कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. आणि काका उशिरा बोलला असेल तर तो धीर देणारा पुरावा नाही, घराण्यात असणं ही उलट लवकर दाखवायला जाण्याची एक खूण आहे. मूल बोटच दाखवत नसेल, हाकेला प्रतिसाद देत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर एक आठवडाही थांबू नका.

सगळ्यात आधी कान. ‘हाक मारली की वळतो’ ही श्रवणचाचणी नव्हे. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं असलं तरी दार आपटलं की मूल दचकतंच, पण ‘स’, ‘फ’सारखे हलके उच्चार त्याला नीट मिळत नाहीत. जन्मानंतरची तपासणी पास झाली म्हणजे आजही सगळं ठीक असेल असं नाही. आम्ही ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, ओएई (कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद बघतात) आणि टिम्पॅनोमेट्री (हवेच्या दाबाने पडदा नीट हलतो का ते बघतात) करून घेतली. दोन्हींत दुखत नाही, वेळही फार लागत नाही. रिपोर्ट नॉर्मल आले. पहिल्या केंद्राने ते मागितलेही नाहीत, तेव्हाच मला शंका यायला लागली होती.

आता दाराबद्दल.

तिथली पद्धत अशी: मूल आत, पालक बाहेर, दार बंद. दाराला काचसुद्धा नाही. पाऊण तास आत काय चाललंय ते कळायचं नाही. सुरुवातीला रडणं ऐकू यायचं, नंतर तेही बंद झालं. दार उघडलं की ‘आज छान को-ऑपरेट केलं’ एवढं एक वाक्य, आणि पुढचं मूल आत. घरी काय करायचं विचारलं तर ‘फ्लॅशकार्ड दाखवा’, शिवाय टॅबवरचं एक ॲप घ्यायचा आग्रह. या वयाला स्क्रीन जेवढी कमी तेवढी बरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नको आणि दोन वर्षांच्या मुलाला फार तर दिवसाला एक तास. मी आत बसू का, असं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘पालक असले की मुलं लक्ष देत नाहीत.’

हे वाक्य मला अजून खटकतं. आठवड्यातून दोनदा पाऊण तास, म्हणजे दीड तास. मूल रोज १२ तास जागं असतं असं धरलं तर आठवड्याचे ८४ तास होतात. उरलेले साडेब्याऐंशी तास ज्या माणसांबरोबर जाणार, त्यांनाच बाहेर बाकावर बसवायचं? पाच-सहा वर्षांच्या मुलाचा एखादा उच्चार सुधारायचा असेल तर एक वेळ चालेल. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत शिकायचं असतं ते घरच्यांनी. हे माझ्या मनचं नाही. कॅनडात १९७५ मध्ये सुरू झालेला हानेन कार्यक्रम पालकांना शिकवण्यावरच उभा आहे. २०११ मध्ये १८ अभ्यास एकत्र तपासून प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातही हेच दिसलं, की पालकांना शिकवून त्यांच्यामार्फत दिलेल्या मदतीने मुलांची भाषा खरोखर सुधारते.

दुसऱ्या ठिकाणी गेलो तर तिथे दाराचा प्रश्नच नव्हता. जमिनीवर सतरंजी, त्यावर मुलगा, थेरपिस्ट मॅडम आणि मी. मॅडमनी उतरत्या फळीवर गाडी धरली, ‘एक, दोन...’ म्हणाल्या आणि गप्प झाल्या. गाडी हातातच. मुलाने गाडीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे, मग पुन्हा गाडीकडे. माझ्या तोंडावर ‘तीन’ आलं होतं, मॅडमनी हातानेच मला थांबवलं. बराच वेळ गेला. मग मुलगा म्हणाला, ‘द्या’. म्हणजे ‘जा’. गाडी सोडली, मॅडम म्हणाल्या, ‘जा! गाडी गेली!’ बस. ‘परत म्हण बघू’ नाही, टाळ्या नाहीत. मूल एक शब्द बोललं की आपण त्यात एक-दोन शब्द घालून परत द्यायचे, एवढंच.

मग त्यांनी माझा आणि मुलाचा खेळतानाचा व्हिडिओ काढून मला दाखवला. ‘हे काय आहे? कुठला रंग? भूभू कसा करतो? सांग ना!’ मी बोलत होतो ते बहुतेक सगळे प्रश्नच होते. मुलाला परीक्षा नको असते, शब्द हवे असतात. तेव्हापासून घरी तो जे करतोय तेच बोलायचं: ‘उघडलं. आत टाकलं. अजून एक. संपलं.’ रंग आणि आकड्यांपेक्षा ‘दे’, ‘नको’, ‘वर’, ‘उघड’, ‘झालं’ हे शब्द त्याच्या जास्त कामाचे. वहीत शब्द कसे मोजायचे तेही तिथेच कळलं. प्रत्येक वेळी चेंडूलाच ‘बू’ म्हणत असेल तर ‘बू’ हा शब्द धरायचा. ही एक गोष्ट पहिल्या केंद्राने सांगितली असती तरी माझी कितीतरी काळजी कमी झाली असती.

दोन बाबतींत माझं मत नंतर बदललं, तेही सांगतो. एक म्हणजे शब्दाबरोबर हाताने खूण करायला शिकवणं, ते मला आधी पटत नव्हतं. खुणा शिकवल्या की बोलायचा आळस करेल अशी भीती होती. ‘अजून’ची खूण त्याने आधी हाताने केली, काही दिवसांनी खूण आणि शब्द बरोबर आले, मग खूण आपोआप गळली. दुसरा बदल ऑनलाइन सत्रांबद्दल. सर्दीमुळे नाइलाजाने ती घेतली आणि चक्क उपयोगी पडली. कारण मॅडम स्क्रीनवरून मुलाला शिकवत नव्हत्याच. मी मुलाशी खेळत होतो आणि त्या मला ‘थांबा, आता बोलू नका, बघा तो वळतोय’ असं सांगत होत्या. येण्या-जाण्याचा खर्चही वाचला.

आणखी एक राग आहे, तोही लिहितो. पहिल्या केंद्राने ‘घरात एकच भाषा ठेवा’ असं फर्मावलं होतं. आमच्या घरात दोन भाषा आहेत, आजी तिच्याच भाषेत बोलते. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही, आणि मोजायचे तर दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात. नातवाशी सगळ्यात जास्त गप्पा मारणाऱ्या माणसाला गप्प बसवून भाषा कशी वाढेल?

आज मुलगा दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो. परक्याला अर्धीच कळतात, उच्चारांचं काम बाकी आहे. सत्रं आता पंधरा दिवसांतून एकदा केली आहेत, तीन वर्षं पूर्ण झाली की पुन्हा मूल्यमापन. त्याची प्रगती थेरपीमुळे किती आणि आपोआप किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण रडणं-आपटणं कमी झालं ते ‘नको’ आणि ‘दे’ म्हणता यायला लागल्यावरच, हे आम्ही घरात रोज पाहिलंय.

दुसऱ्या ठिकाणाला साडेचार तारे. अर्धा कापला कारण लेखी नोंद मागितल्याशिवाय मिळत नाही. पहिल्याला एकही नाही. नाव लिहीत नाही, पण नवीन जागी जाण्याआधी फोनवरच तीन गोष्टी विचारा: मी आत बसू शकतो का, घरी करायचं ते करून दाखवाल का, आणि मध्येच सोडलं तर उरलेले पैसे परत मिळतील का. तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या. आमचा अर्ज अजून त्यांच्याकडे पडून आहे, पुढच्या आठवड्यात मी पुन्हा फोन करणार आहे.