रॉक अँड रोलची सुरुवात: ‘रॉकेट ८८’ की ‘रॉक अराउंड द क्लॉक’?

मार्च १९५१ मध्ये अमेरिकेतील मेम्फिसला सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ला मी पहिल्या रॉक अँड रोल गाण्याचा मान देतो. प्रवासात बिघडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ निभावली गेली आणि त्यातून गिटारचा जो घोगरा, खरखरीत सूर उमटला, तोच पुढे या संगीताची ओळख ठरला. ध्वनिमुद्रिकेवर नाव गायक जॅकी ब्रेन्स्टन यांचे छापले गेले. वाद्यवृंद मात्र आइक टर्नर यांचा होता, याची खंत आजही वाटते.

बिल हेली यांचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ एप्रिल १९५४ मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झाले. प्रारंभी ते फारसे चालले नाही, परंतु १९५५ मध्ये एका चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वाजल्यानंतर ते ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ८ आठवडे अग्रस्थानी राहिले.