शिचिमी, गोमाशिओ की फुरिकाके? मखाण्या-फुटाण्यांसाठी घरी कोणता जपानी मसाला करावा

मखाणे, फुटाणे, लाह्या, उकडलेलं रताळं हे खाणं मुळात चांगलंच असतं. घोळ होतो तो वरून भुरभुरलेल्या मसाल्याने, कारण तयार पुडीतलं मीठ आणि साखर आपल्याला वेगळी काढता येत नाही. जपानी जेवणात वरून घालायचे तीन कोरडे मसाले इथे उपयोगी पडतात. शिचिमी तोगाराशी म्हणजे मिरची आणि आणखी सहा जिनसांचं मिश्रण, गोमाशिओ म्हणजे तीळ-मीठ, आणि फुरिकाके म्हणजे तीळ, नोरी नावाचं समुद्री शेवाळ आणि सुक्या माशांचा चुरा. रोजच्या खाऊसाठी एकच करायचा असेल तर शिचिमी करा. तिच्यात मीठही नसतं आणि साखरही नसते, त्यामुळे मीठ किती घालायचं ते तुमच्या हातात राहतं.

शिचिमी

हे मिश्रण 1625 साली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, यागेनबोरी भागात विकायला सुरुवात झाली असं मानतात. सात जिनसा कोणत्या, याचा एकच नियम नाही. यागेनबोरीच्या मिश्रणात कच्ची आणि भाजलेली अशी दोन्ही प्रकारची मिरची असते, क्योतोत मिरची बेताची आणि सान्शो नावाच्या जपानी मसाल्याचा सुगंध पुढे, तर नागानोत आलं पडतं. त्यामुळे आपल्याकडे मिळणाऱ्या जिनसा वापरल्या तर काही बिघडत नाही. त्यातल्या दोन तर अगदी जवळच्या आहेत. संत्र्याची साल जपानी लोक मँडरिन जातीच्या फळाची घेतात, आणि नागपुरी संत्रं त्याच जातीचं. सान्शो हे कोकण-गोव्यातल्या तिरफळाचं भावंड. झाड वेगळं, पण वंश तोच आणि जिभेला येणाऱ्या मुंग्याही तशाच.

साधारण 40 ग्रॅमसाठी: बिया काढलेली सुकी मिरची 12 ग्रॅम (9 ब्याडगी, 3 संकेश्वरी), सुकवलेली संत्र्याची साल 6, पांढरे तीळ 8, काळे तीळ 6, खसखस 4, बिया काढलेलं तिरफळ 2, नोरीचा एक कागद म्हणजे सुमारे 3 ग्रॅम.

खरी मेहनत सालीची. दोन संत्र्यांची साल धुऊन, पुसून, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढायचा. तो राहिला तर मसाला कडवट होतो. साल सावलीत तीन-चार दिवस किंवा ओव्हनमध्ये 80 अंशांवर तासभर सुकवा. वाकवल्यावर कट् करून तुटली पाहिजे. नुसती वाकली तर आत ओल आहे, आणि त्या ओलीने आठवड्याभरात सगळ्या मसाल्याच्या गुठळ्या होतात. तिरफळाचं नुसतं टरफल घ्यायचं. आतली काळी चकचकीत बी दाताखाली वाळूसारखी येते आणि तिला सुगंधही नसतो.

निम्मी मिरची मंद आचेवर मिनिटभर भाजा, निम्मी तशीच ठेवा. तीळ तडतडायला लागले की लगेच ताटात काढा, गरम कढईत ठेवले तर ते पुढे भाजत राहतात. काळ्या तिळांचा रंग बदललेला कळत नाही, म्हणून त्यांत चार पांढरे तीळ टाका आणि त्यांच्याकडे बघून गॅस बंद करा. खसखशीला मिनिटभर पुरे. सगळं पूर्ण गार झालं की मिरची भरड कुटा. तिरफळ एवढं थोडं असतं की मिक्सरच्या पात्याला लागतच नाही, म्हणून ते सालीबरोबर वाटून चाळून घ्या. नोरी आचेवरून पटकन फिरवून हाताने चुरा. तीळ निम्मे अख्खे, निम्मे खलबत्त्यात जेमतेम चेचलेले. अख्खेच ठेवले तर ते वाडग्याच्या तळाशी जाऊन बसतात.

गोमाशिओ

लहान मुलं आणि तिखट न खाणारी माणसं घरात असतील तर हाच मसाला करा. सगळ्यांत सोपा आणि स्वस्त. तीळ 100 ग्रॅम, मीठ 10 ग्रॅम. कमी मीठ हवं असेल तर 6. मीठ आधी कोरड्या कढईत गरम करून बारीक वाटा, मग गार झालेले तीळ घालून खलबत्त्यात हलक्या हाताने फिरवा. दोन-तृतीयांश तीळ फुटले की थांबा. बहुतेकांचा गोमाशिओ इथेच बिघडतो: गरम तीळ मिक्सरमध्ये सलग फिरवले की तेल सुटून लगदा होतो आणि तो परत कोरडा होत नाही.

10 ग्रॅमच्या प्रमाणात दोन छोटे चमचे, म्हणजे साधारण 6 ग्रॅम गोमाशिओ घेतला तर पोटात साधारण अर्धा ग्रॅम मीठ जातं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा 5 ग्रॅमच्या आत सांगितली आहे, त्यामुळे हे चालण्यासारखं आहे. रक्तदाब असेल तर मात्र शिचिमीच बरी.

फुरिकाके

गरम भातावर याच्यासारखी मजा नाही. तीळ 30 ग्रॅम, नोरीचे दोन कागद, कात्सुओबुशी म्हणजे सुक्या बोनिटो माशाचे पातळ पापुद्रे 10 ग्रॅम, सोया सॉस दोन छोटे चमचे, साखर एक छोटा चमचा. पापुद्रे, सॉस आणि साखर मंद आचेवर परतत कुरकुरीत कोरडी करा, गार होऊ द्या, मग तीळ आणि नोरी मिसळा. ओल्या कढईत नोरी टाकली तर ती चामड्यासारखी चिवट होते. शाकाहारी घरात माशाऐवजी सुक्या शिटाके मशरूमची पूड 5 ग्रॅम घ्या; चव वेगळी लागते, पण छान लागते.

खाऊसाठी आम्ही याला शेवटचा क्रमांक देतो. साखर आणि सॉस हवेतली ओल ओढतात, आणि पावसाळ्यात तर मखाणे दोन दिवसांत मऊ पडतात. करायचाच असेल तर पॉपकॉर्नवर, खायच्या क्षणी घाला.

मसाला चिकटत नाही, ही तिघांचीही तक्रार

50 ग्रॅम मखाणे मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजा, शेवटी छोटा चमचाभर तूप फिरवा, गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि मग दीड छोटा चमचा शिचिमी घाला. मीठ हवंच तर चमच्याचा आठवा भाग, बारीक करून. आचेवर असताना मसाला टाकला तर मिरची करपून ठसका उठतो आणि नोरी कडू होते. काकडी, उकडलेलं अंडं, रताळं यांना अंगची ओल असते, तिथे तूप लागत नाही.

तिन्हींत तीळ आहेत, तेव्हा तिळाची ॲलर्जी असेल त्याला यातलं काहीच देऊ नका. दुबई किंवा सिंगापूरला राहणाऱ्यांनी शिचिमीत खसखस घालू नये आणि इथून नेऊही नये, तिथे तिच्यावर कायद्याने बंदी आहे. तिच्या जागी 1 ग्रॅम सुंठ घाला.

गोमाशिओ आणि फुरिकाके दोन-तीन आठवड्यांत संपवा, नाहीतर तिळाला खवट वास येतो. शिचिमी घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीजमध्ये दीड-दोन महिने राहते. त्यानंतर तिखटपणा तसाच असतो, पण संत्र्याचा आणि तिरफळाचा वास उडून जातो, म्हणून एका वेळी 40 ग्रॅमपेक्षा जास्त करू नका.