बॉयलर खदखदतोय: पॉवर फ्लश करावा की केमिकल टाकून मॅग्नेटिक फिल्टर बसवावा?

लंडन, रेडिंग, स्लाव या पट्ट्यात ज्यांनी जुनं घर घेतलंय त्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. इथलं पाणी जड. थंडी पडते, हिटिंग लावलं की कॉम्बी बॉयलर (रेडिएटर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा) शिटीआधीच्या कुकरसारखा धुसफुसायला लागतो. प्लंबर येतो, पॉवर फ्लश, म्हणजे पंप लावून सगळी सिस्टिम धुणं, सुचवतो, आकडा सांगतो. आमच्याकडेही हेच झालं, पण मी शेवटी दुसरी वाट धरली.

आधी आवाज नेमका कधी येतो ते बघा. फक्त गरम पाण्याचा नळ सोडल्यावर येत असेल तर संशय प्लेट हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे नळाचं पाणी तापवणाऱ्या भागावर घ्यावा. तिथून रोज नवं पाणी जातं, म्हणून क्षारही तिथेच बसतो. अशा वेळी खालचे दोन्ही उपाय बाजूला ठेवा. रेडिएटर वरून गार असेल तर हवा अडकलीय, चावीने काढून टाका आणि प्रेशर परत एक ते दीड बारवर आणा. खालून गार असेल तर मात्र गाळ, म्हणजे रेडिएटरच्या पोटातला काळा गंज. तो मुख्य हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे जिथे ज्योतीने रेडिएटरचं पाणी तापतं तिथे, क्षारासोबत साचला की पाणी नीट फिरत नाही, जागच्या जागी उकळतं आणि बुडबुडे फुटताना आवाज होतो. प्रेशर सारखं उतरत असेल तर आधी गळती शोधा, कारण दर वेळी भरलेलं ताजं पाणी नवा क्षार आणि ऑक्सिजन आत आणतं. बॉयलरचं कव्हर स्वतः उघडू नका, ते काम गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणीवाल्याचं.

आता गाळ काढण्याचं. पॉवर फ्लशमध्ये बाहेरचा पंप जोडून केमिकल मिसळलेलं पाणी जोरात फिरवतात, एकेक रेडिएटर वेगळा धुतात. दिवसभराचं काम, पण त्याच दिवशी निकाल. दुसऱ्या पद्धतीत क्लीनर सिस्टिममध्ये ओतायचा, हिटिंग नेहमीसारखं चालू ठेवायचं, रिटर्न (बॉयलरकडे परतणाऱ्या) पाइपवरच्या फिल्टरचं चुंबक गाळ पकडत राहतं. काही दिवसांनी सगळं पाणी काढून इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं केमिकल, घालतात. हे सावकाश होतं, आणि मला आलेल्या कोटेशनांत ते जवळपास निम्म्या किमतीत बसत होतं.

माझा निर्णय मात्र पैशांवर झाला नाही. पॉवर फ्लशच्या कोटेशनखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: काम करताना जुन्या जोडातून किंवा रेडिएटरमधून गळती सुरू झाल्यास जबाबदारी आमची नाही. विचारल्यावर उत्तर मिळालं की सगळेच हे लिहितात. असेलही. पण आमचं घर ऐंशीच्या दशकातलं, पाइप पेन्सिलीएवढे बारीक, मायक्रोबोअर, आणि ते सगळे लॅमिनेट घातलेल्या जमिनीखाली. तिथे थेंब जरी गळला तरी कळायच्या आधी खालच्या खोलीच्या छताला डाग पडणार आणि मग फ्लोअरिंग उचकटायचं. शिवाय पार बुजलेला बारीक पाइप जोर लावूनही मोकळा होईलच असं नाही. पैसे देऊन ही धाकधूक विकत घ्यावी, हे काही पटेना.

केमिकलने आवाज एका रात्रीत गेला नाही. आधी रेडिएटर खालपर्यंत तापू लागले, मग खदखद कमी कमी होत गेली. आता अगदी पहाटे, हिटिंग सुरू होताना थोडी कुरकुर येते, एवढंच. कॉम्बीचं फ्लो टेम्परेचर (रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान) साठ अंशांच्या आसपास आणल्यानेही फरक पडला असावा. आणि फिल्टरचं मला आवडलेलं म्हणजे, सर्व्हिसला आलेला माणूस तो उघडतो तेव्हा चुंबकावर काळा चिखल चिकटलेला दिसतो. काम चाललंय की नाही, कुणाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

तरी तुमचे निम्मे रेडिएटर दगडासारखे गार असतील, पाइप जाड तांब्याचे आणि हाताशी येण्यासारखे असतील, तर पॉवर फ्लशला नाही म्हणू नका. त्यानंतरही फिल्टर बसवून घ्याच. ‘बॉयलरच बदला’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की घाणेरड्या सिस्टिमवर नवा जोडण्याआधीही ही साफसफाई करावीच लागते. आणि काहीही केलंत तरी शेवटी कोणतं इनहिबिटर किती घातलं, ते बॉयलरच्या पुस्तिकेत लिहून मागा. पुढच्या सर्व्हिसला ते तपासायचं असतं.