वायफाय जोडलंय, साइट उघडत नाही: राउटर, डीएनएस की थेट रीसेट?

लॅपटॉपच्या कोपऱ्यात वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, खाली ‘कनेक्टेड’ लिहिलेलं आणि ब्राउझर म्हणतोय, साइट सापडत नाही. ‘याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ असा शिक्का एकदा बसला की नात्यागोत्यातून असे फोन येतच राहतात. तोवर समोरच्याने चार सल्ले ऐकलेले असतात. भाचा म्हणतो राउटर बंद-चालू कर, ऑफिसातला मित्र म्हणतो डीएनएस बदल, यूट्यूबवाला म्हणतो नेटवर्क रीसेट कर आणि कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. चारही उपाय कुठे ना कुठे लागू पडतात. तुमच्याकडे कुठला लागू पडेल, आणि चुकीचा निवडला तर हातचं काय जाईल, एवढंच बघायचं.

वायफायच्या दांड्या फक्त लॅपटॉप ते राउटर एवढ्या अंतराची खात्री देतात. नवी तोटी बसवली म्हणून नळाला पाणी येतंच असं नाही. त्यामुळे वायफायचा नवा यूएसबी डोंगल विकत घेणं हा या दुखण्यावर सहसा फुकटचा खर्च. जोडणी झालीच आहे, अडलंय पुढे कुठेतरी.

निवडण्याआधी दोन मिनिटं

फोन त्याच वायफायवर घ्या आणि मोबाइल डेटा बंद करा. डेटा चालू राहिला तर फोन गुपचूप सिमवरून साइट उघडून दाखवतो आणि आपण उगाच लॅपटॉपला दोष देत बसतो. मग उलट करा: फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्याला जोडा.

घरच्या वायफायवर फोनही अडला, तर दोष राउटरचा किंवा बाहेरच्या लाइनचा. लॅपटॉपला हात लावू नका. फोन चालतो पण लॅपटॉप हॉटस्पॉटवरही अडतो, तर दोष लॅपटॉपच्या पोटात. आणि लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालतो पण घरच्या वायफायवर नाही, तर त्या एका नेटवर्कपुरती काहीतरी सेटिंग बिघडलीय. ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

तिसरी चाचणी कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत: पिंग ८.८.८.८ (इंग्रजीत ping 8.8.8.8). म्हणजे गूगलच्या त्या आकडी पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघायचं. उत्तर आलं पण साइट नावाने उघडत नसतील, तर संशय डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेवर. उत्तरच येत नसेल तर डीएनएस बदलून काहीही होणार नाही. काही ऑफिसं आणि कॉलेजं पिंग मुद्दाम अडवतात, म्हणून तिथे या चाचणीवर विसंबू नये.

आणि एकच साइट उघडत नसेल, तर तुमच्याकडे बहुधा दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद होतं. त्या रात्री किती जणांनी बिचाऱ्या राउटरला छळलं असेल!

राउटर बंद-चालू

फुकट, आणि यात काही गमवावं लागत नाही. प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, लावा. आधी दिवे मात्र बघा. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा (LOS) दिवा लाल असेल तर प्रकाशाचा सिग्नलच घरापर्यंत पोचत नाहीये, दहा वेळा बंद-चालू केलंत तरी तो लाल दिवा जाणार नाही. केबलवाल्याला फोन. दिवे ठीक असून कुणाचंच काही उघडत नसेल तर रिचार्जची तारीख बघा. पॅक संपला तरी वायफाय जोडलेलंच दिसतं.

बंद-चालू करणं वेगळं आणि मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसणं वेगळं. तो फॅक्टरी रीसेट. जोडणी पीपीपीओई पद्धतीची (कंपनीने दिलेल्या युजरनेम-पासवर्डवर चालणारी) असेल तर त्यात भरलेलं युजरनेम-पासवर्ड उडतं, आणि ते आपल्याकडे लिहून ठेवलेलं नसतं. मी एकदा शनिवारी संध्याकाळी ही टाचणी खुपसली. लाइनवाला सोमवारी दुपारी आला.

डीएनएस बदलणं

पिंग चालतंय आणि नावं उघडत नाहीत, तर हाच उपाय, आणि एरवी नाही. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा. तुम्ही काही न करता ती इंटरनेट कंपनीची वापरली जाते. ती अडली की बाकी लाइन ठणठणीत असूनही ब्राउझर आंधळा होतो.

विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज, तिथे डीएनएसपुढचं एडिट, मग मॅन्युअल. जुनं मूल्य ‘ऑटोमॅटिक’ होतं हे लक्षात ठेवा, म्हणजे परत जाता येतं.

आता कुणाचं घ्यायचं? गूगलचं ८.८.८.८ डिसेंबर २००९पासून आहे. लक्षात राहायला सोपं, दांडगं. पूर्ण आयपी पत्ता (तुमच्या जोडणीचा आकडी पत्ता) असलेल्या तात्पुरत्या नोंदी २४ ते ४८ तासांत पुसतो असं गूगल सांगतं. क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ हे १ एप्रिल २०१८ला आलं. तारखेमुळे लोकांना आधी थट्टाच वाटावी. त्याचंच भावंड १.१.१.३ घातक साइटांबरोबर प्रौढांसाठीच्या साइटही अडवतं, त्यामुळे मुलांच्या लॅपटॉपवर मी तेच टाकतो. क्वाडनाइनचं ९.९.९.९ हे २०१७चं. ही ना-नफा संस्था आता स्वित्झर्लंडमध्ये आहे, घातक साइट अडवते आणि वापरणाऱ्याचा आयपी पत्ता नोंदवत नाही. आईबाबांच्या लॅपटॉपला, म्हणजे जिथे ‘तुमचं केवायसी संपलंय’वर क्लिक होण्याची भीती असते तिथे, माझी पसंती याला.

वेगाची तुलना मी मुद्दामच करत नाही. शहरातल्या बऱ्या जोडणीवर या तिघांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि ‘डीएनएस बदलून नेट दुप्पट फास्ट’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पॅकचा वेग आहे तेवढाच राहतो.

लोक मुख्य पत्ता १.१.१.१ आणि पर्यायी पत्ता १.०.०.१ टाकतात. दोन्ही एकाच घरचे. १४ जुलै २०२५ला (आपल्याकडे तेव्हा १५ची पहाट) क्लाउडफ्लेअरच्या स्वतःच्या चुकीने दोन्ही एकदमच तासभर गप्प झाले. म्हणून पर्यायी पत्ता दुसऱ्या कंपनीचा द्यावा. अपवाद साइट अडवणाऱ्या १.१.१.३ आणि ९.९.९.९चा: तिथे पर्यायी ८.८.८.८ दिलात तर गाळणीला भोक पडतं, १.१.१.३च्या जोडीला १.०.०.३च हवा.

लॅपटॉपवर बदलावं की राउटरवर? राउटरवर बदललं की टीव्ही, फोन, सगळ्यांना लागू होतं आणि चुकलं तर सगळ्या घराचं चुकतं. मी आधी लॅपटॉपवर चार दिवस वापरून बघतो. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हात लावू नका. आतल्या साइटची नावं ऑफिसच्याच डीएनएसला माहीत असतात, बाहेरचं टाकलंत की त्या गायब.

नेटवर्क रीसेट

फोन चालतो, लॅपटॉप कुठेच चालत नाही, अशा वेळी हात इकडे वळतो. जरा थांबा. आधी सेटिंग्जमधलं प्रॉक्सीचं (ब्राउझरची ये-जा ज्यातून होते त्या मधल्या सर्व्हरचं) पान बघा. कुणीतरी कधीतरी चालू केलेला प्रॉक्सी तसाच राहिला असेल तर पिंग चालतं पण ब्राउझर अडतो, आणि हे अगदी डीएनएससारखंच दिसतं. मग व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं अ‍ॅप) आणि बाहेरचा अँटिव्हायरस तात्पुरते बंद करून बघा. प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत असेल तर घड्याळ बघा: जुन्या लॅपटॉपची आतली घड्याळाची छोटी बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि साइटची सगळी सुरक्षा-प्रमाणपत्रं खोटी ठरतात. ते रीसेटने सुटत नाही, बॅटरीने सुटतं.

एवढं करून अडलं, तर आधी सौम्य रीसेट: अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटश विनसॉक रीसेट (netsh winsock reset), मग रीस्टार्ट. यात वायफायचे पासवर्ड शाबूत राहतात. सेटिंग्जमधला पूर्ण नेटवर्क रीसेट मात्र सगळी नेटवर्क कार्डं काढून पुन्हा बसवतो, साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड विसरतो, आणि व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं. अर्धवट काढलेल्या व्हीपीएनने घातलेला घोळ त्याने सुटतो, हे खरं. पण पासवर्ड कागदावर नसेल तर ते बटण दाबू नका.

फॉरमॅटबद्दल लिहायला फार नाही. हॉटस्पॉटची चाचणी न करता फॉरमॅट सुचवणाऱ्या दुकानातून लॅपटॉप उचलून घरी आणावा.

डीएनएस हाताने टाकलेला लॅपटॉप हॉटेलात किंवा रेल्वे स्टेशनवर नेलात, तर हेच दुखणं नव्याने दिसू शकतं: वायफाय जोडलेलं, काहीच उघडत नाही. तिथे मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणारं पान आधी यावं लागतं, आणि ते कधीकधी त्यांच्याच डीएनएसमधून येतं. सेटिंग पुन्हा ऑटोमॅटिकवर न्या, ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम (neverssl.com) उघडा. ओटीपीचं पान बहुधा समोर येईल.